सत्यजितचं दुसरं मरण

१

सत्यजित दुसऱ्यांदा मेला तेव्हा त्याच्या हातात वरणाचा डाव होता.

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेलच्या कम्युनिटी हॉलमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणलेला. वंदना झाली, दोन भाषणं झाली, तिसरं मोहनकाकांनी लांबवलं, आणि मग भुकेली शंभर माणसं एका टेबलापाशी जशी वागतात तशी आम्ही वागत होतो. सत्यजित वाढायला उभा होता. माझ्या भातावर त्याने वरण घातलं, "ताई, तूप पुढच्या टेबलावर," म्हणाला आणि खाली बसला. मग आडवा झाला. मी घड्याळ बघितलं, ती माझी नोकरीची सवय. शनिवार, संध्याकाळचे सात चाळीस.

असं कुणी कोसळलं की माणसं अॅम्ब्युलन्स बोलावतात. आम्ही नुसते बघत राहिलो, कारण सत्यजित वर्षापूर्वीच मेला होता. गेल्या ऑक्टोबरात याच कार्यक्रमाच्या तयारीहून घरी जाताना फ्रीवेवर एका ट्रकने त्याची गाडी उडवली. गाडीत तो आणि त्याचा मित्र रवी होते. दोघंही जागीच गेले, आणि तिसऱ्या दिवशी दोघंही हॉस्पिटलच्या शवागारातून उठून चालत बाहेर आले.

तीन वर्षांपूर्वी काही मेलेली माणसं उठायला लागली. सगळी नाही, हजारात एखादं. त्यांना आपण परतलेले म्हणतो. ती बोलतात, ऑफिसला जातात, त्यांचं अंग कोमट असतं, नाडीसुद्धा लागते. फक्त ती झोपत नाहीत आणि त्यांचे केस-नखं वाढत नाहीत. ती का उठतात हे डॉक्टरांना माहीत नाही, चर्चला माहीत नाही, आणि टीव्हीवर बोलणाऱ्यांना तर काहीच माहीत नसतं. सरकारने मात्र ताबडतोब एक फॉर्म काढला. तो भरून घेणं हे माझं काम. मी संघमित्रा, मूळची नागपूरची, काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत परतलेल्यांच्या मुलाखती घेते. आत्मा मी मानत नाही, भूत मानत नाही, पुनर्जन्म तर मुळीच नाही, आणि रोज सकाळी माझ्या खिडकीपुढे बारा मेलेली माणसं टोकन घेऊन उभी असतात. कुणाला काय तोंड दाखवू?

या परतलेल्यांपैकी काही एक दिवस पुन्हा पडतात, आणि मग उठत नाहीत. तेही का, ते कुणाला ठाऊक नाही. कुणी महिन्यात पडतं, कुणी तीन वर्षं उभं आहे. कायद्याच्या लेखी माणूस एकदाच मरतो, त्यामुळे दुसऱ्या मरणाला पोलीस येत नाहीत. फाइल बंद होते, बस.

गर्दीच्या कडेला रवी उभा होता. त्याची आठ वर्षांची सई त्याच्या कमरेला बिलगून रडत होती. "बाबा, गुड थिंग यू वोर युअर सीटबेल्ट," ती म्हणत होती. पोरं घाबरली की काहीही बोलतात. रवीच्या बायकोने, प्रणिताने, माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ उठला.

"ताई, दोघं एकाच दिवशी गेले, एकाच दिवशी उठले. आता सत्यजित पडला. माझ्या रवीचं काय?"

मी काही बोलणार एवढ्यात सत्यजितच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याच्या बायकोने, मालिनीने, तो बाहेर काढला आणि स्क्रीनकडे बघून ती पांढरी पडली.

"वर्ध्याहून बाबांचा आहे," ती म्हणाली. "ते कधीच फोन करत नाहीत. नेहमी सत्यजितच करतो."

तिने फोन कट करून टाकला.

२

रविवारी सकाळी मी प्रणिताकडे गेले. त्यांचं टाउनहाऊस डोंगरउताराला आहे, दार उघडलं की थेट स्वयंपाकघर. रवी पोहे करत होता. माझ्यासाठी, बायकोसाठी, मुलीसाठी; स्वतः तो दोन घास खातो, तेही सोबत म्हणून.

"बसा ताई," प्रणिता म्हणाली. "हा रात्रभर भांडी लावत होता. मी रात्रभर याच्याकडे बघत होते."

वर्षभरात त्यांनी काय काय सोसलंय ते मला फाइलमधून माहीत होतं. मरणाबरोबर व्हिसा संपतो, मग परतलेल्यांचं हिरवं कार्ड काढावं लागतं. ते नेहमीचं ग्रीन कार्ड नव्हे, त्यावर तुमच्या मरणाची तारीख छापलेली असते. मरणाबरोबर लग्नही संपतं, म्हणजे कागदावर हे दोघं आता नवरा-बायको नाहीत, रूममेट आहेत. भाड्याच्या जाहिरातींत 'परतलेल्यांना नाही' असं सरळ लिहिलेलं असतं. ऑफिसं मात्र खूश. झोप न लागणारा माणूस कुणाला नको असतो?

"प्रितमच्या गोळ्यांमुळे झालं का हो?" प्रणिता कुजबुजली. "तो पीएचडीवाला. त्याने सत्यजितला गोळ्या दिल्या होत्या. त्याच रवीलाही—"

जिन्यावर पावलं वाजली तशी ती गप्प झाली. सई खाली आली, पोह्यांतले शेंगदाणे वेचून खाऊ लागली. ज्या फ्रिजला टेकून ती उभी होती त्यावर चुंबकाने लावलेलं एक हातचं कार्ड होतं: पायाला प्लास्टर घातलेला माणूस, वर 'गेट वेल सून, बाबा', खाली गेल्या ऑक्टोबरची तारीख. चित्र छान होतं. सई वर गेल्यावर प्रणिता परत बोलायला लागली, आणि तीही मघाच्याच कुजबुजत्या आवाजात.

मी रवीला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला काहीच कळत नाही, ताई. खरंच," तो म्हणाला. "मेलो ते आठवतच नाही. उठलो ते आठवतं. असं वाटत होतं की कुणीतरी वाट बघतंय आणि मला उशीर झालाय. त्या थंड कपाटात मी आधी घड्याळ शोधलं. सत्यजितलाही तसंच झालं होतं, आम्ही बोललो होतो यावर."

"नागपूरला आईंना काय सांगितलंत?"

"काही नाही," प्रणिताच म्हणाली. "उगाच बीपी वाढेल त्यांचं. रवी रोज व्हिडिओ कॉल करतो, पुरे आहे की. तुम्ही नसतं लपवलं?"

मी माझा घटस्फोट आईपासून दोन वर्षं लपवला होता. मी पोहे खाल्ले.

३

प्रितमला युनिव्हर्सिटीच्या कॅफेटेरियात गाठलं. तो परतलेल्यांच्या रक्तावर संशोधन करतो. मी गोळ्यांचं नाव काढताच त्याचे कान लाल झाले.

"व्हिटॅमिन आहेत, मावशी. साधी बी-ट्वेल्व्ह."

"मग औषध म्हणून का देतोस?"

"देताना मी औषध म्हटलं नव्हतं. ते म्हणाले. त्यांना वाटायचं कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करतंय. मला नाही म्हणवलं नाही, यार." त्याने चष्मा पुसला. "आणि रवीदादा त्याच गोळ्या घेतोय. त्याला काही झालंय का?"

झालं नव्हतं. गोळ्या बाद.

"रक्तात काही सापडलं?"

"घंटा. तीन वर्षांत एकच गोष्ट सापडली आणि ती रक्तात नाहीये. परतलेल्यांपैकी दहातले आठ दुसऱ्या देशात जन्मलेले आहेत. म्हणून ते टीव्हीवाले म्हणतात ना, हा रोग आपण घेऊन आलो. पण भारतात, फिलिपिन्समध्ये, केनियात कुणी फारसं उठतच नाही! तिथून निघून इथे आलेलेच उठतात. हे कसलं इन्फेक्शन? माझ्या गाइडनेही हात टेकले."

मीही टेकले आणि मालिनीकडे गेले.

मालिनीच्या घरात सामसूम होती. तिने चहा केला, दोन कपांत गाळला, मग तिसरा कप काढला आणि परत ठेवला. तिचे डोळे कोरडे होते. शुक्रवारी तिचं आणि सत्यजितचं कडाक्याचं भांडण शेजारच्या तीन घरांनी ऐकलं होतं, आणि ते माझ्यापर्यंत आलं होतं.

"विचारा," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, मला हे संपवायचंय. ऐकलंच असेल तुम्ही."

"काय संपवायचं होतं?"

"खोटं बोलणं! दर रविवारी सासऱ्यांसमोर हसायचं. 'बाबा, यंदा सुट्टी नाही, पुढच्या वर्षी येतो.' परतलेल्याला विमानात घेत नाहीत, कुठून येणार? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस गॅलरीत बसून वाट बघतो. मी म्हणाले, त्यांना खरं सांगून टाक. हा म्हणाला, ते सहन करू शकणार नाहीत. मी म्हणाले, आणि मी?"

आता ती रडली. मी तिला रडू दिलं. मग विचारलं, "मालिनी, तू सांगितलंस का त्यांना?"

"नाही. देवाशपथ—" ती थांबली. "शपथ कुणाची घेऊ? नाही सांगितलं, ताई. कालपासून त्यांचे अकरा मिस्ड कॉल आहेत आणि माझी हिंमत होत नाहीये."

तेवढ्यात बारावा आला. संध्याकाळचे सात वाजले होते, तिकडे सोमवारची सकाळ. मालिनीने फोन माझ्या हातात कोंबला आणि ती बाल्कनीत निघून गेली.

४

"बाबा, जय भीम. मी संघमित्रा, मालिनीची मैत्रीण."

पलीकडचा आवाज थकलेला पण स्पष्ट होता. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाचा आवाज.

"जय भीम. मालिनी बरी आहे ना? तिला म्हणावं, मी रागावलो नाही. सत्यजित गेल्या वर्षीच गेला ना, बाई?"

मी खाली बसले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पेपरात आलंय. परवा, म्हणजे काल, रविवारी. आठला पेपर येतो. मी भिंग घेऊन बसतो. आधी स्मृतिदिनाची पानं वाचतो. या वयात तीच आधी वाचावी लागतात, कोण उरलं ते कळतं. तिथे माझाच मुलगा. रंगीत फोटो. 'प्रथम स्मृतिदिन, विनम्र अभिवादन.' मी दोनदा वाचलं. म्हटलं, नाव सारखं असेल कुणाचं. पण फोटो तर मीच काढलेला." ते थांबले. "आठ वाजून दहा मिनिटं झाली असतील. मग फोन लावला. भिंगातून बटणं शोधायला वेळ लागला."

वर्ध्याला सकाळचे आठ दहा, म्हणजे बॉथेलला आदल्या संध्याकाळचे सात चाळीस. हा हिशेब आम्हा सगळ्यांना झोपेतही येतो.

माझ्या डोक्यात तीन वर्षांच्या फाइली आपोआप उघडायला लागल्या. एक परतलेला म्हातारा ज्या दिवशी पडला, त्याच दिवशी त्याचा मुलगा पाणबुडीवरून पाच महिन्यांनी किनाऱ्याला लागला होता. पाणबुडीत घरची वाईट बातमी देत नाहीत. एक फिलिपिनो नर्स पडली, ती तिच्या बहिणीचं लग्न पार पडलं त्या संध्याकाळी. लग्न होईपर्यंत बहिणीला सांगायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं होतं. आणि काउंटीतली सगळ्यात जुनी परतलेली बाई तीन वर्षं ठणठणीत उभी होती. तिच्या नवऱ्याची स्मृती गेलेली, बायको मेली हे त्याला समजणारच नव्हतं. तो रोज चार वाजता खिडकीत तिची वाट बघतो.

कुणीतरी वाट बघतंय, रवी म्हणाला होता.

म्हणजे असं, की मेल्यावर जो उठतो, त्याची कुठेतरी कुणीतरी वाट बघत असतं आणि त्या माणसाला बातमी कळलेली नसते. ती कळली की परतलेला पडतो. दहातले आठ बाहेरून आलेले का, ते माझ्या लख्ख लक्षात आलं. सातासमुद्रापार वाईट बातमी कळवायची नाही हा आपला सगळ्यांचा धर्म आहे. नोकरी गेली, सांगू नका. ऑपरेशन झालं, सांगू नका. मेलो, तरी सांगू नका. मात्र माणसं हे आधीही लपवतच होती, मग तीन वर्षांपूर्वीच हे का सुरू झालं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

"बाबा," मी विचारलं, "जाहिरातीत एकट्या सत्यजितचा फोटो आहे?"

"नाही. दोघांचा आहे. शेजारी त्याचा मित्र आहे ना, नागपूरचा. रवी."

५

नागपूरला तोच पेपर. रवीच्या आईच्या दारात तोच पेपर पडलेला असणार. कदाचित त्यांनी अजून वाचला नसेल, कदाचित रद्दीत गेला असेल! मी मालिनीच्या जिन्यातच फोन लावला.

"काकू, मी बॉथेलहून संघमित्रा. रविवारचा पेपर वाचलात का हो?"

"वाचला ना बाई," काकू शांतपणे म्हणाल्या. "आमच्या रव्याचा फोटो आलाय. चांगला आलाय."

मी फोन न ठेवता कचेरीच्या दुसऱ्या फोनवरून प्रणिताला लावला. "रवी कुठे आहे?"

"इथेच. कणीक मळतोय. का?"

"उभा आहे?"

"ताई, असं काय विचारता? उभा आहे. बोलायचंय का?"

आईला कळलं आणि मुलगा कणीक मळतोय. पाच मिनिटांपूर्वी मी जगातलं सगळ्यात मोठं कोडं सोडवलं होतं, आणि त्याचा पार विचका झाला.

काकू अजून फोनवर होत्या. "घाबरली का गं तू?" त्यांनीच मला विचारलं. "मला तं एप्रिलपासूनच माहीत आहे. जयंतीच्या दिवशी त्यानं फोन केला, दीड तास बोलला. तिकडे त्याच्या रात्रीचे तीन वाजले होते. हा लहानपणी आठ वाजता डुलक्या घ्यायचा, आणि दीड तासात एक जांभई नाही. दुसऱ्या दिवशी नाही, महिनाभर नाही. आईला समजते ना. टीव्हीवर सांगतात, परतलेले झोपत नाहीत म्हणून. मी म्हटलं, त्याला वाटते मला माहीत नाही, तं वाटू दे. त्याच्या जिवाला कशाला घोर?"

म्हणजे सहा महिने आई मुलापासून लपवत होती की मुलगा आईपासून काय लपवतोय ते तिला माहीत आहे. मी जिन्यात बसून हसले. मग रडूही आलं.

सोमवारी दुपारी मी मोहनकाकांकडे गेले. जाहिरातीखाली 'शोकाकुल, समस्त मित्रपरिवार, बॉथेल' असं होतं आणि त्यातले पेपरात पान घेणारे समस्त म्हणजे एकटे मोहनकाका, हे मला विचारायची गरज नव्हती. सत्तरीचे काका आमच्या मंडळाचा कणा. परतलेल्यांसाठी वेगळ्या रंगाच्या पेपरप्लेट आणाव्यात असं मागे कुणीतरी सुचवलं, तेव्हा काकांनी त्या प्लेटांचं पाकीट बैठकीतच कचऱ्यात घातलं होतं. "वेगळा पेला माझ्या आजाने पाहिलाय," एवढंच म्हणाले होते.

त्यांनी टॅब्लेटवर पान दाखवलं. "रंगीत घेतलं. कसं आलंय?"

"छान आलंय, काका. पण का दिलंत? दोघं तर आपल्यातच होते."

"होते म्हणून काय झालं? गेले तो दिवस तर खरा आहे ना? बाई, माझा बाप मेला तेव्हा गावच्या चावडीवर त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. तेव्हाच ठरवलं, आपलं माणूस गेलं की त्याचं नाव पेपरात यायलाच पाहिजे. वीस वर्षं देतोय, प्रत्येकाची पहिली आठवण. मालिनी म्हणाली होती, घरी सगळ्यांना कळवलंय."

मालिनी तसं म्हणाली होती खरी, लोकांचे सल्ले टाळायला. प्रणिताचीही तीच थाप होती.

"सत्यजित का पडला, काही कळलं का गं?" काकांनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

चौथं शील मी रोज म्हणते, खोटं बोलणार नाही. "नाही, काका," मी म्हणाले. "काहीच कळलं नाही."

६

रवी का उभा आहे, एवढाच प्रश्न उरला होता. गाडी चालवता चालवता मी तो उलटा केला. नियम खरा असेल तर रवीची वाट बघणारं, आणि त्याच्या मरणाची बातमी न कळलेलं, आणखी एक माणूस असलं पाहिजे. नागपूरला कुणी नाही, तिथे पेपर गेला. बॉथेलला तर प्रत्येकाला माहीत आहे. मी स्वतः त्याचं कार्ड छापलं.

आणि मग मला ते प्लास्टरचं चित्र आठवलं. रवीच्या पायाला काही झालंच नव्हतं. त्याची छाती चिरडली होती, फाइल मी वाचली होती. 'गेट वेल सून' कुणी मेलेल्या बापाला लिहीत नाही. गुड थिंग यू वोर युअर सीटबेल्ट.

रवी आणि प्रणिता स्वयंपाकघरात होते. वर सईच्या पियानोचा सराव चालला होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मी हळू आवाजात सगळं सांगितलं: वर्ध्याचा पेपर, काकूंची जांभई, नियम. शेवटी विचारलं, "या घरात कुणाला सांगितलं नाहीत तुम्ही?"

प्रणिताने वर छताकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"तिला सांगितलं की सत्यजितकाका गेले आणि परत आले," ती पुटपुटली. "आणि बाबाचा नुसता पाय मोडला. बाबा वाचला. सात वर्षांची होती, ताई. काय सांगायचं?"

पियानो थांबला. जिन्यावर पावलं वाजली आणि अर्ध्या जिन्यात थांबली. आम्ही तिघं दगड झालो. तिने ऐकलं? प्रणिताने रवीचा शर्ट दोन्ही मुठींत धरला, जणू तो धरून ठेवला की माणूस पडत नाही.

"मॉम, आय एम हंग्री," सई वरून म्हणाली.

रवी उभा होता. "दहा मिनिटं, बेटा," तो म्हणाला. पावलं वर गेली, पियानो पुन्हा सुरू झाला.

"कुणीही तिला सांगणार नाही," प्रणिता म्हणाली. "कधीच नाही. शाळा बदलू, गाव बदलू."

"मी सांगणार आहे," रवी म्हणाला. "उद्या."

"वेडा आहेस का तू?"

"ऐक ना. आज ना उद्या तिला शाळेत कुणीतरी सांगेल. ती धावत घरी येईल आणि मी तिच्यासमोर पडेन. तिला वाटेल, तिला कळलं म्हणून मी गेलो. जन्मभर वाटत राहील. मी सांगितलं तर निदान जवळ घेऊन सांगेन. म्हणेन, हे माझं ठरलेलं होतं." तो माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही सांगा, मी चूक आहे का?"

मला दोघंही बरोबर वाटत होते, आणि दोघांचाही मनस्वी राग येत होता. सत्यजितच्या फाइलीतल्या माझ्या रिपोर्टचं तर मी तिथेच ठरवलं. हे छापून आलं, तर एका फोन कॉलवर परतलेला माणूस संपवता येतो हे देशभर सगळ्यांना कळेल. कारण: अज्ञात, असंच लिहायचं. पण रवीला काय सांगू? मी म्हणाले, "मला कळत नाही रे," आणि पर्स उचलून बाहेर पडले. पळालेच म्हणा.

७

गाडी सुरू केली तेवढ्यात काचेवर टकटक झाली. सई होती, हातात डबा. "आईने दिलाय. वांग्याची भाजी." डबा देऊनही ती गेली नाही. दाराला टेकून बुटाने खडे उडवत राहिली.

"मावशी, तू डेड लोकांचं काम करतेस ना?"

"हो."

"आजी काल फोनवर क्राय करत होती. आणि मी आले की मॉम बोलायची थांबते. ऑलवेज." ती खाली बघत होती. "आणि बाबाने वर्षभर हेअरकट केला नाही. अ होल इयर. केस तेवढेच आहेत."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. रवी सिंकपाशी उभा राहून भांडी घासत होता. उभा होता.

"सई," मी म्हणाले, "तुला मला काही विचारायचंय का?"

तिने बराच वेळ विचार केला. आठ वर्षांच्या मुलीला इतका विचार करताना बघू नये.

"नो," ती म्हणाली. "आय डोन्ट वॉन्ट टू आस्क. आणि तुम्ही पण मला सांगू नका. मॉम नाही, तू नाही, बाबा पण नाही. नोबडी टेल मी. ओके?"

"ओके," मी म्हणाले.

ती अंगणातल्या सायकलकडे गेली. मी गाडी बंद करून सरळ आत शिरले, चपलासुद्धा न काढता. प्रणिता टेबलावर डोकं ठेवून बसली होती. रवीने साबणाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघितलं.

"उद्या सांगू नकोस," मी म्हणाले. "तिने नको म्हटलंय."

"म्हणजे? तिला माहीत आहे?"

"मला कळत नाही, रवी. तू उभा आहेस, म्हणजे नसेल. किंवा असेल, आणि ती माहीत करून घेत नसेल. पण वाट तिची आहे. किती बघायची ते तिला ठरवू दे."

सिंकचा नळ वाहत राहिला.

"बाबा!" बाहेरून सईने हाक मारली. "चेन निघाली!"

"आलो," तो म्हणाला आणि हात न पुसताच बाहेर धावला.